कानातली गोळी आणि ताटातले मांस: गुरांची वाढ, संप्रेरके आणि मांसाचा दर्जा

बारावी_बरगडी (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात इथे एका वेगळ्याच धाग्यावर "अमेरिकेतले बीफ म्हणजे नुसते हार्मोन" असे एक वाक्य आले आणि त्यावर चार पाने प्रतिसाद पडले. ते सगळे वाचताना लक्षात आले की सारे भांडण ते मांस खाणाऱ्याला अपाय करते की नाही, एवढ्याच प्रश्नाभोवती फिरत होते. ते मांस मुळात कसे होते, त्याचा पोत, त्यातली चरबी आणि त्याचा मऊपणा यांत काय फरक पडतो, हे कोणी विचारलेच नाही. मी परभणीला पशुवैद्यक शिकलो आणि गेली अकरा वर्षे नेब्रास्कात मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या गुरांचा आहार आणि आरोग्य पाहतो. म्हणून हा दुसरा प्रश्न इथे मांडतो. ज्यांना हा विषयच अप्रिय आहे त्यांनी धागा वगळावा, ही विनंती.

आधी प्रत्यक्ष काय करतात ते सांगतो. नवी गुरे उतरली की एक-दोन दिवसांत त्यांना एकेक करून खोड्यात घेतात. लसी टोचून होतात, कानात बिल्ला बसतो, आणि मग एक माणूस डाव्या हाताने कान धरून त्याच्या मागच्या बाजूला, मधल्या तृतीयांशात, कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये जाड सुई सरकवतो. पिस्तुलासारख्या उपकरणाचा घोडा दाबत सुई मागे घेतली की ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या गोळ्यांची एक ओळ आत राहते. यालाच इम्प्लांट म्हणतात. जनावर वेगाने वाढावे म्हणून दिलेले संप्रेरक, म्हणजे हार्मोन, याच गोळ्यांत असते. अंगठा फिरवला तर कातडीखाली ती ओळ मण्यांसारखी हाताला लागते. कान निवडण्याचे कारण साधे आहे: कत्तलखान्यात कान फेकला जातो, त्यामुळे उरलासुरला औषधाचा साठा मांसाबरोबर जात नाही.

हे काम दिसते तितके सोपे नाही. मी नवा असताना एका जागी पावसाळी दिवसांत सुमारे सहाशे गोऱ्ह्यांना (इथे गोऱ्हा म्हणजे खच्ची केलेला तरुण नर) इम्प्लांट दिले. कानांना चिखल आणि शेण लागलेले होते, आणि सुई पुसण्याचा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा बोळा घाईत कोणी बदललाच नाही. तीन आठवड्यांनी कान तपासले तेव्हा कित्येकांमध्ये पू झालेला होता. पू झाला की शरीर त्या गोळीभोवती भिंत बांधते, मग औषध रक्तात नीट उतरत नाही, नाहीतर गोळ्याच बाहेर पडतात. त्या कळपाचे वजन शेवटपर्यंत मागेच राहिले. संप्रेरकाचा परिणाम किती असतो हे मला पुस्तकापेक्षा त्या फजितीने अधिक शिकवले.

अमेरिकेत मांसाच्या गुरांसाठी सहा संप्रेरके वापरता येतात. इस्ट्राडायोल, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन ही तीन जनावराच्या अंगात मुळातच असतात. ट्रेनबोलोन अॅसिटेट, झेरानॉल आणि मेलेन्जेस्ट्रॉल अॅसिटेट ही तीन बाहेरची. यातले मेलेन्जेस्ट्रॉल गोळीने न देता कालवडींच्या खुराकात मिसळतात. त्याने माज दबतो, कळपातली धावपळ आणि एकमेकींवर चढणे थांबते. झेरानॉलचा उगम तर गमतीचा आहे. मक्यावर वाढणाऱ्या फ्युसेरियम बुरशीच्या विषापासून ते तयार करतात. गोऱ्ह्यांसाठीच्या एका नेहमीच्या इम्प्लांटमध्ये १२० मिलिग्रॅम ट्रेनबोलोन आणि २४ मिलिग्रॅम इस्ट्राडायोल असते, आणि ते सुमारे तीन-चार महिने झिरपत राहते.

आता अंगात काय होते ते पाहू. इस्ट्राडायोलमुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक अधिक स्रवते, आणि त्याच्या प्रभावाने यकृतात आणि स्नायूंतही वाढीला चालना देणारे आयजीएफ-१ नावाचे प्रथिन अधिक तयार होते. ट्रेनबोलोन थेट स्नायूपेशींवर काम करते आणि स्नायूंतली प्रथिनांची मोडतोड कमी करते. स्नायूंच्या तंतूंची संख्या वासरू जन्मते तेव्हा जवळजवळ ठरलेली असते; पुढे तंतू फक्त जाड होतात. मात्र जाड होण्यासाठी त्यांना नवी केंद्रके लागतात, आणि ती तंतूंच्या कडेला निजलेल्या उपग्रह पेशी पुरवतात. या दोन संप्रेरकांची जोडी त्या पेशींना जागे करते. परिणामी जनावर साधारणपणे १० ते २० टक्के जास्त वेगाने वाढते आणि तेवढ्याच वजनासाठी ५ ते १५ टक्के कमी खुराक खाते. ज्या धंद्यात नफा दर जनावरामागे थोड्याशा डॉलरांवर अडलेला असतो, तिथे हा फरक सोडून देणे कोणाला परवडत नाही.

ही झाली वजनाची बाजू, आणि माझ्या मते खरा विषय इथून पुढे सुरू होतो. जनावराची वाढ एका ठरलेल्या क्रमाने होते: आधी हाडे, मग मांस, मग चरबी. चरबीतही क्रम असतो. आधी मूत्रपिंडाभोवतीची, मग स्नायूंच्या मधली, मग कातडीखालची, आणि सर्वांत शेवटी स्नायूच्या आत धाग्याधाग्यांत उतरणारी चरबी, जिला मार्बलिंग म्हणतात. संप्रेरक दिल्यावर जनावर या प्रवासात मागे राहते. ते मांसाच्या टप्प्यावर जास्त काळ रेंगाळते, म्हणजे त्याचे प्रौढपणीचे वजनच जणू वाढते. म्हणून संप्रेरक दिलेला आणि न दिलेला असे दोन गोऱ्हे एकाच वजनाला कापले, तर पहिल्याच्या अंगात चरबी कमी निघते. त्याला दुसऱ्याइतकी चरबी यावी असे वाटत असेल, तर मात्रेनुसार आणखी १५ ते ४० किलो वजनापर्यंत पोसावा लागतो.

अमेरिकेत धडाची प्रत बाराव्या आणि तेराव्या बरगडीमधल्या छेदावर ठरते (माझे टोपणनाव तिथूनच आले आहे). संप्रेरक दिलेल्या जनावरात तिथे दिसणारा पाठीचा स्नायू रुंद, भरदार दिसतो, पण त्यातल्या मार्बलिंगच्या पांढऱ्या रेषा विरळ असतात. प्राइम, चॉइस आणि सिलेक्ट या उतरत्या क्रमाच्या प्रती मुख्यतः त्या रेषांवर ठरत असल्यामुळे चॉइसची काही धडे सिलेक्टमध्ये घसरतात. मऊपणाचेही तसेच आहे. शिजवलेल्या मांसाचा तुकडा पात्याने कापायला किती जोर लागतो, हे यंत्राने मोजतात, आणि जोरकस मात्रेचे इम्प्लांट वारंवार दिलेल्या जनावरांत तो जोर थोडा, पण मोजता येईल इतका, वाढलेला आढळतो. एका सौम्य इम्प्लांटने खाणाऱ्याला फरक कळेलच असे नाही. पण दोन-तीन वेळा, चुकीच्या वेळी, भरपूर मात्रा दिली की कळतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की संप्रेरकाने मांस जास्त मिळते, चांगले मिळत नाही. या व्यवहाराची ही बाजू ग्राहकाला कोणी सांगत नाही.

तांबडी_माती

उत्तम लिहिले आहे. मी सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी. आमच्याकडे महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीपासून बैल आणि वळू कापण्यावरही बंदी आहे, त्यामुळे मांसाची बाजू आम्हाला परकी आहे. पण जनावर परके नाही. एक प्रश्न पडला. आधी गोऱ्हा खच्ची करून त्याच्या अंगातले संप्रेरक काढून घ्यायचे आणि मग तेच कानातून परत द्यायचे, हा उलटा कारभार कशासाठी? खोंड तसाच का पोसत नाहीत?

बारावी_बरगडी

दादा, हाच प्रश्न मी पहिल्या वर्षी इथल्या माझ्या वरिष्ठांना विचारला होता. खोंड तसाच पोसला तर तो खच्ची केलेल्यापेक्षा वेगाने वाढतो आणि अंगावर चरबी कमी धरतो, हे खरेच आहे. युरोपात अनेक ठिकाणी तसे करतातही. पण खोंड झुंजतात, एकमेकांवर चढतात, माणसाला धोका असतो. शिवाय कापण्याआधीच्या झुंजीत आणि ताणात स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा, साठा संपतो. हा साठा असला तर कापल्यानंतर त्यापासून लॅक्टिक आम्ल बनते आणि मांसाचा सामू (पीएच) साधारण ५.५ च्या आसपास उतरतो. साठाच नसेल तर सामू ६ च्या आसपास किंवा वर राहतो आणि मांस काळपट, चिकट, पटकन खराब होणारे निघते. शिवाय खोंडाचे मांस मुळात जरा चिवट असते.

खच्ची केल्याने स्वभाव शांत होतो आणि मार्बलिंग वाढते, पण वाढीचा वेग जातो. कानातली गोळी तो वेग काही अंशी परत आणते, पण खोंडपण आणत नाही. तडजोड आहे, आणि तडजोडीसारखीच तिची दोन्हीकडून थोडी थोडी किंमत मोजावी लागते.

सावधचित्त

धागाकर्त्यांचा अभ्यास मान्य आहे, पण "अपाय होतो की नाही" हा प्रश्न त्यांनी फारच सहज बाजूला सारला, असे मला वाटते. डाय-इथाइल-स्टिलबेस्ट्रॉल म्हणजे डीईएस, हे कृत्रिम इस्ट्रोजेन (इस्ट्राडायोलसारखे मादीचे संप्रेरक). याला अमेरिकेने १९५४ मध्ये गुरांच्या खुराकात परवानगी दिली, तेव्हाही ते सुरक्षितच म्हणून सांगितले गेले होते. तेच औषध गर्भपात टळावा म्हणून गरोदर बायकांना दिले जात होते, आणि १९७१ मध्ये त्यांच्या तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग दिसू लागल्याचे पुढे आले. तरीही गुरांमधला त्याचा वापर पूर्णपणे थांबायला १९७९ उजाडले. १९८० च्या सुमारास इटलीत वासराच्या मांसापासून केलेल्या बाळांच्या खाण्यात डीईएस सापडले, आणि युरोपातली बंदी त्या संतापातून जन्मली. १९८९ पासून संप्रेरके दिलेल्या गुरांचे मांस युरोप आयात करत नाही. लोकांचा अविश्वास असा अनुभवातून आलेला असतो; तो अडाणीपणा नव्हे.

आणखी एक बाजू मांसाबाहेरची आहे. ट्रेनबोलोनचे अवशेष शेणमुतातून पाण्यात जातात. प्रयोगशाळेत फॅटहेड मिनो जातीच्या माशांच्या माद्यांना अत्यल्प प्रमाणात ते दिले तेव्हा त्यांच्या डोक्यावर नरांसारखे उंचवटे उठले. या किमतीचा हिशेब प्राइम-चॉइसच्या तक्त्यात कुठे येतो?

बारावी_बरगडी

आपले दोन्ही मुद्दे रास्त आहेत, आणि दुसऱ्याचा उल्लेख मी करायला हवा होता. ते अवशेष ओढ्यानाल्यांत जातात, आणि फीडलॉटच्या, म्हणजे गुरे पोसण्याच्या आवाराच्या, सांडपाण्याची तळी नीट बांधलेली असणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते. सगळीकडे ती तशी नसतात.

डीईएसबाबत एवढेच म्हणेन की आज वापरात असलेल्या इस्ट्राडायोलशी त्याची सरसकट तुलना करता येत नाही. गोळी दिलेल्या आणि न दिलेल्या गुरांच्या मांसातल्या इस्ट्रोजेनचा फरक शंभर ग्रॅममागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागांत मोजावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने १९९९ मध्ये इस्ट्राडायोलसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ५० नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली. साठ किलोच्या माणसाला ती ३,००० नॅनोग्रॅम होते. त्याच वर्षी युरोपच्या वैज्ञानिक समितीने मात्र इस्ट्राडायोलला सुरक्षित अशी किमान पातळी ठरवताच येत नाही, असा निष्कर्ष काढला. पुरावा बहुतांशी तोच, पण एकाने "किती" विचारले आणि दुसऱ्याने "मुळात का". मला पहिल्या समितीचे म्हणणे पटते, दुसरीचे समजते.

भांडणाचा शेवटही विज्ञानाने झाला नाही. जागतिक व्यापार संघटनेने १९९८ मध्ये युरोपची बंदी धोक्याच्या योग्य मूल्यमापनावर आधारलेली नाही असे ठरवले, तरी युरोपने ती उठवली नाही. १९९९ मध्ये अमेरिकेने ११ कोटी ६८ लाख डॉलरच्या युरोपीय मालावर १०० टक्के जकात बसवली, आणि त्यात फ्रान्सचे रोकफोर चीज सापडले. ते चीज ज्या मेंढ्यांच्या दुधाचे होते त्यांचे पालक रस्त्यावर आले. तिथले शेतकरी नेते जोझे बोव्हे यांनी साथीदारांसह मियो गावातले बांधकाम चालू असलेले मॅकडोनाल्ड्स मोडले ते त्याच ऑगस्टमध्ये. नेब्रास्कातल्या गोऱ्ह्याच्या कानातून निघालेली ठिणगी फ्रान्सच्या मेंढवाड्यात पडली! शेवटी २००९ मध्ये समझोता झाला: बंदी कायम, पण संप्रेरकाविना पोसलेल्या मांसासाठी कोटा.

हडसनकाठी

मी न्यू जर्सीत राहते. आमच्या दुकानात कोंबडीच्या पाकिटावर "संप्रेरके दिलेली नाहीत" असे ठळक लिहिलेले असते आणि ती दोन डॉलरनी महाग असते. मी गेली कित्येक वर्षे तीच घेते आहे. हे योग्य आहे का?

बारावी_बरगडी

ताई, त्याच पाकिटावर खाली बारीक अक्षरांत एक वाक्य असते, ते एकदा वाचा. कोंबड्यांत संप्रेरके वापरण्यास संघराज्याच्या नियमांनी मनाई आहे, असे ते सांगते, आणि वरचा दावा छापायचा असेल तर ते छापणे बंधनकारक आहे. म्हणजे शेजारच्या स्वस्त कोंबडीलाही संप्रेरके दिलेली नाहीत. डुकरांचेही तसेच. ब्रॉयलर झपाट्याने वाढतो तो निवड पद्धतीच्या पैदाशीमुळे आणि खुराकामुळे. महाराष्ट्रात "ब्रॉयलरला इंजेक्शन देतात" ही समजूत घट्ट आहे, पण वाढीचे संप्रेरक प्रथिन असल्याने ते खाण्यातून दिले तर पचून जाते, आणि हजारो कोंबड्यांना वारंवार टोचत बसणे कोणत्याही पोल्ट्रीवाल्याला परवडणारे नाही. गोमांसावर मात्र तसा दावा असेल तर त्याला अर्थ आहे, कारण तिथे फरक खरोखर असतो.

गोठ्यातून

आमच्याकडे म्हशींना पान्हा सुटावा म्हणून जे इंजेक्शन टोचतात, तेही यातलेच का?

बारावी_बरगडी

नाही. ते ऑक्सिटोसिन. त्याने कासेतल्या दुधाच्या पिशव्यांभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात आणि दूध उतरते. त्याने मांस वाढत नाही. सवय लागली की म्हैस त्याच्याशिवाय पान्हा सोडत नाही, हा त्याचा त्रास आहे. केंद्राने २०१८ मध्ये त्याच्या खासगी उत्पादनावर बंदी घातली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती रद्द केली. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

यारा_नदी

ऑस्ट्रेलियाचा अनुभव जोडते. इथेही संप्रेरके चालतात, पण दिलेल्या जनावराच्या कानाला त्रिकोणी भोक पाडतात, म्हणजे ते पुढे कुठेही ओळखू येते. आणि इथल्या मांसप्रतवारीच्या पद्धतीत, जी सामान्य लोकांना मांस चाखायला देऊन बांधलेली आहे, संप्रेरक दिले की खाण्याच्या दर्जाचे गुण कापले जातात. ते सगळ्या भागांचे सारखे कापले जात नाहीत. पाठीच्या भागाचे जास्त.

बारावी_बरगडी

फार महत्त्वाची भर घातलीत. ऑस्ट्रेलियाने हा प्रश्न बरोबर जागी नेऊन ठेवला, असे मला वाटते: बंदी नाही, लपवाछपवी नाही, गुण मात्र कापायचे. पाठीच्या भागाचे कारणही सांगतो. कापल्यावर मांस थंड ठेवले की त्यातले कॅल्पेन नावाचे विकर (एन्झाइम) तंतू हळूहळू सैल करते, आणि कॅल्पॅस्टॅटिन नावाचे प्रथिन त्या कामात अडथळा आणते. संप्रेरकांमुळे प्रथिनांची मोडतोड कमी होते, हे वर लिहिले आहेच. जिवंतपणी ज्या कारणाने मांस साठले, त्याच कारणाने ते नंतर मऊ व्हायला वेळ घेते. पाठीच्या स्नायूला असा मुरवण्याचा फायदा सर्वांत जास्त मिळतो, म्हणून फटकाही तिथेच बसतो. त्यामुळे असे मांस दोन-तीन आठवडे मुरवले तर बराचसा फरक भरून निघतो.

तांबडी_माती

आमचे वडील खोंड लवकर बडवू देत नसत. आदत, म्हणजे दुधाचेच दात असताना, बडवला (खच्ची केला) तर बैल उंच होतो पण खांदा भरत नाही, असे ते म्हणत. चौसा झाला, म्हणजे चार पक्के दात आले, मान आणि वशिंड भरले, की मगच चिमटा लावायचा. हेही संप्रेरकांचेच गणित म्हणायचे का?

बारावी_बरगडी

तंतोतंत तेच. मानेचे आणि खांद्याचे स्नायू टेस्टोस्टेरॉनला इतर स्नायूंपेक्षा जास्त जुमानतात, म्हणून वळूची मान तशी दिसते. आणि हाडांच्या टोकांना असलेली वाढीची कूर्चा लैंगिक संप्रेरकांमुळे, मुख्यतः इस्ट्रोजेनमुळे, मिटते. लवकर खच्ची केला की ती उशिरा मिटते आणि पाय लांबतात. तुमच्या वडिलांनी हे डोळ्यांनी वाचले होते.

याचीच उलट बाजू आम्हाला इथे भोवत असे. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे, विशेषतः कालवडींमध्ये, मणक्यांच्या टोकांची कूर्चा लवकर हाड बनते. प्रतवारी करणारा माणूस धडाचे वय त्या कूर्चेवरून ओळखत असे, त्यामुळे दोन वर्षांची कालवड कागदोपत्री म्हातारी ठरून खालच्या प्रतीत जाई. डिसेंबर २०१७ पासून अमेरिकेच्या कृषी खात्याने नियम बदलला, आणि आता जनावर तीस महिन्यांच्या आतले आहे हे दातांवरून ठरले तर ते ग्राह्य धरतात.

तांबडी_माती

म्हणजे एवढी यंत्रे आणि एवढे नियम करून शेवटी तोंड उघडून दातच बघायचे. आमच्या आठवडी बाजारात व्यापारी पहिल्यांदा तेच करतो.